सुंदररावांच्या रजेतलं मद्रास

गाडी मद्रास सेंट्रलला लागली तेव्हा माझं सगळं लक्ष हमालांवर होतं. सोलापूरहून निघताना शेजारच्या बायकांनी मला बजावलं होतं की तिकडे भाषा कळत नाही, तेव्हा सामानावरचा हात काढू नकोस. तो मी रायचूरपासून काढला नव्हता. आमचे हे मात्र खिडकीतून अर्धे बाहेर वाकून, "ते बघ, सुंदरराव आलेत," म्हणून ओरडत होते.

सुंदरराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, कुसुमचे यजमान. तंजावरकडचे मराठी. त्यांचे चुलते सोलापूरला रेल्वेत होते, त्यांनी हे लग्न जुळवलं. नऊ वर्षं होऊन गेली, पण त्यांच्या घरी जाण्याची आमची ही पहिलीच वेळ. त्यांचं मराठी जुन्या पोथीतल्यासारखं, आणि त्यावर तमिळचा हेल. फलाटावर त्यांनी यांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "या, या. तुम्हांस गांव दाखवावें म्हणून बुधवारपर्यंत मी लीव्ह घेतलों आहे. गुरुवारीं मात्र ऑफिसास जावें लागेल."

त्यांच्या शर्टाची कॉलर कडक इस्त्रीची होती, पण कडेनं विरलेली. मी ते पाहून ठेवलं.

त्यांचं बिऱ्हाड वेस्ट मांबलमला. दोन खोल्या, वर गच्ची, आणि आगगाडीचा आवाज घरात बसून ऐकू येईल इतकं स्टेशन जवळ. कुसुमनं दारातच माझ्या गळ्यात हात टाकले. पितळी भांड्यांतून फेसाळ कापी (कॉफी) आली. कुसुमची ललिता आठ वर्षांची, माझ्या माणिकहून दोन वर्षांनी लहान. दोघींनी तासाभरात गट्टी केली. ललिताला मराठीपेक्षा तमिळ सोपं जाई आणि माणिकला तमिळचा गंध नव्हता, तरी त्यांचं काही अडलं नाही.

मे महिना होता. ऐन उन्हाळ्याच्या या दिवसांना इथले लोक कत्तिरी म्हणतात. कुसुम म्हणाली, "ताई, दिवसा मी नाही यायची. वडाम (तांदळाच्या पिठाचे सांडगे) घालायचे ते याच उन्हात. तुम्ही ह्यांच्याबरोबर फिरा."

रविवारी संध्याकाळी मात्र ती आली. आम्ही सगळे मरीनावर गेलो. समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. माणिक लाटेला घाबरून माझ्या पातळात शिरली, मग पाच मिनिटांत मलाच ओढू लागली. वाळूवर बसून आम्ही सुंडल (खोबरं घातलेले उकडलेले हरभरे) खाल्लं. ते देणाऱ्या म्हाताऱ्यानं सुंदररावांच्या पुड्यात न मागता जास्तीची मूठ घातली आणि ओळखीचं हसला. कुसुमनं ते पाहिलं. मीही पाहिलं. सुंदरराव समुद्राकडे बघत राहिले.

सोमवारी एग्मोरच्या म्युझियमला गेलो. लाल इमारती, मोठी झाडं, आत देवमाशाचा सांगाडा. माणिक त्याच्या फासळ्या मोजत शेपटीपर्यंत गेली. ब्राँझच्या मूर्तींपुढे आमचे हे चपला काढून उभे राहिले. मला म्हणाले, "यांना काचेत ठेवणं बरं नव्हे." इतकं गार, शांत ठिकाण आणि तेही फुकट! मुलांना घेऊन आलेल्या माणसानं दुपार घालवायला याहून बरी जागा शोधू नये.

निघताना मागच्या व्हरांड्यात एक खाकी कपड्यांतला पहारेकरी उठून उभा राहिला. त्यानं आपलं स्टूल पुसून सुंदररावांपुढे सरकवलं आणि काहीतरी विचारलं. ललिता खुदकन हसली.

"काय म्हणाला गं?" मी विचारलं.

"तो विचारतो, सार, आज तुमचा डबा कुठं?"

सुंदरराव घाईनं म्हणाले, "त्याची कांहीं चूक झाली असेल. दुसरा कोणी वाटला असेन मी."

त्याची चूक झालेली नव्हती. चुकलेला माणूस असं स्टूल पुसून देत नाही.

संध्याकाळी मी यांना ते सांगितलं. हे म्हणाले, "तुला देवळातल्या पुजाऱ्याचाही संशय येतो." पण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. ऑफिसच्या वेळात हा माणूस डबा घेऊन म्युझियमात का बसतो? कुणाला भेटतो? गिंडीला घोड्यांच्या शर्यती होतात हे मी ऐकून होते. दारूबंदी असली तरी चोरून मिळतेच. आणि एवढ्या मोठ्या गावात एखादं दुसरं घर थाटणं कितीसं अवघड?

मंगळवारी हायकोर्टाकडे गेलो. मला ती इमारत राजवाड्यासारखी वाटली. लाल घुमट, आणि त्यातल्या एका उंच मनोऱ्यावर दीपगृह. खाली रस्त्यावर वकिलांची, कारकुनांची, हातगाड्यांची गर्दी. सुंदररावांची गोऱ्या साहेबाची कंपनी याच भागात, चामडं परदेशी पाठवणारी. तिथं ते हेडक्लार्क. हे म्हणाले, "चला की, तुमचं ऑफिस बघू. बाहेरून तरी."

"बाहेरच्यांस सोडत नाहींत," सुंदरराव म्हणाले.

"बाहेरूनच म्हणतोय मी."

"उद्यां, परवां पाहूं." आणि रस्ता ओलांडून ते पलीकडे गेले. आतापर्यंत हा माणूस आम्हाला सावली सावलीनं नेत होता. आता मुलींसकट रणरणत्या उन्हातून चालवू लागला. मी मुद्दाम मागे राहिले. सावलीच्या बाजूला एका दगडी इमारतीच्या पायरीवर म्हातारा शिपाई बसला होता. सुंदररावांना पाहून तो उठला, हात जोडले, आणि मग त्यानं मान खाली घातली.

त्या मान खाली घालण्यानं मला खात्री झाली. काहीतरी लाजिरवाणं होतं.

बुधवारी अड्यारच्या मोठ्या वडाला गेलो. बसमधून उतरून नदीवरचा पूल ओलांडला, की बाग. त्या वडाचं वर्णन करणं कठीण आहे. पारंब्यांचे खांब झालेत आणि खांबांचं रान. मूळ खोड कुठलं ते शोधायला मुली धावत सुटल्या. सुंदररावांनी सतरंजी पसरली. आम्ही दहीभात खाल्ला. मग ते म्हणाले, "आतां उठावें. दीड झाला कीं इथली सावली सरते. त्या बाजूस बसूं, तिथें तीनपर्यंत ऊन येत नाहीं."

हे मुलींच्या मागे गेले. आम्ही दोघंच उरलो. आत येताना फाटकावरची इंग्रजी पाटी मी अक्षर लावून वाचली होती.

"सुंदरराव," मी म्हटलं, "ही बाग रविवारी बंद असते."

"असते."

"मग दीड वाजताची सावली तुम्ही कधी पाहिलीत?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "कामाच्या दिवशीं, आक्का," ते म्हणाले. "मला ऑफिस नाहीं. संक्रांतीपासून नाहीं."

साहेब विलायतेला परत गेला होता. कंपनी विकली गेली, आणि नव्या मालकांनी आपली माणसं आणली. निघताना हातावर जे ठेवलं, त्यात आजवर घर चाललं होतं. पहिला महिनाभर त्यांनी त्या भागातली सगळी ऑफिसं पालथी घातली. पंचेचाळिशीच्या हेडक्लार्कला कुणी विचारेना. तेव्हापासून रोज डबा घेऊन निघायचं, मांबलमला गाडी पकडायची आणि पाच वाजेपर्यंत कुठंतरी बसायचं. सोमवारी म्युझियम, मंगळवारी समुद्र, बुधवारी हा वड. एकाच जागी रोज बसलं तर लोक विचारतात.

"आणि कुसुमला हे ठाऊक नाही?"

"पहिल्या दिवशीं सांगावयाचें राहिलें. दुसऱ्या दिवशीं सांगावें, तर पहिल्या दिवसाचेंही सांगावें लागलें असतें." त्यांनी सतरंजीचं टोक सारखं केलं. "मग तुमचें पत्र आलें, येतों म्हणून. लग्नाच्या वेळीं तुम्हीच नको म्हटलां होतां, आक्का. मला ठाऊक आहे."

ते खरं होतं. इतक्या लांब, कोण कुठली माणसं, त्यांच्या नोकरीचा काय भरवसा, असं मीच अप्पांना, माझ्या वडिलांना, म्हटलं होतं. आज खोटं लिहून उपयोग नाही. त्या क्षणी मला त्यांची कीव आली नाही. मला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हते? लाज वाटायला परतीची बस यावी लागली.

"आज संध्याकाळपर्यंत तिला सांगा," मी म्हटलं. "नाहीतर मी सांगेन."

"सांगतों," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन कापी घेतली आणि यांना घेऊन मैलापूरच्या देवळात निघून गेले. मी गच्चीवर गेले. ऊन उतरलं होतं, कुसुम वाळलेले वडाम कापडावरून सोडवत होती. मी शेजारी बसून सोडवू लागले. कसं सुरू करावं ते सुचेना. तीच बोलली.

"ताई, तू तीन दिवस ह्यांच्याबरोबर फिरलीस. तुला काय दिसलं?"

"काय दिसायचंय?"

"ह्यांच्या चपलांत वाळू असते. दर मंगळवारी. ऑफिसात वाळू कुठून येणार?" तिचे हात थांबले नव्हते. "कुणी बाई आहे का?"

म्हणजे आम्ही दोघी बहिणी एकाच माणसावर पाळत ठेवून होतो.

"बाई नाही," मी म्हटलं. "एवढं मी माणिकची शपथ घेऊन सांगते. बाकीचं त्यांनाच विचार."

"म्हणजे बाकीचं काहीतरी आहे."

तिनं कापड झटकलं, घडी घातली आणि पाटी उचलून खाली गेली.

गुरुवारी सकाळी सुंदरराव नेहमीप्रमाणे तयार झाले. कपाळाला गंध, तीच विरलेली कॉलर. आमची गाडी संध्याकाळची होती, स्टेशनवर येईन म्हणाले. दाराशी उभं राहून त्यांनी डब्यासाठी हात पुढे केला. कुसुम स्वयंपाकघरातून बाहेर आली, रिकाम्या हातांनी.

"आज डबा देत नाही," ती म्हणाली. "बाराला मी घेऊन येते. कुठं येऊ?"

त्यांचा एक पाय चपलेत होता, दुसरा बाहेर. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मला वाटलं, आता ऑफिसचा पत्ता सांगतील आणि सगळं बिघडेल.

"सेंट्रलजवळच्या बागेंत," सुंदरराव अगदी हळू म्हणाले. "तळ्याकांठीं बांक आहे. तिथें ये."

कुसुम मान हलवून आत गेली. तिनं भात टाकला, बटाट्याची भाजी केली, लुगडं बदललं. मी बरोबर येऊ का असं विचारलं, तर नको म्हणाली. मुलींना माझ्याकडे ठेवून ती एकटीच स्टेशनवर गेली. मी सामान बांधायला घेतलं, पण दर गाडीच्या आवाजाला खिडकीशी जात होते.

तीनच्या सुमाराला दोघं आली. सुंदररावांच्या हातात डबा होता. कुसुमचे डोळे सुजले होते. ती सरळ माझ्यापुढे उभी राहिली.

"काल गच्चीवर तुला ठाऊक होतं."

"होतं."

"आणि तू बोलली नाहीस."

"त्यांनीच सांगावं असं वाटलं मला."

"तुला वाटलं आणि मी रात्र जागून काढली." ती आत जायला वळली, मग थांबली. "चार महिने हा माणूस एकट्यानं गार भात खात होता, ताई. भाजीला मीठ जास्त पडलं तरी कुणाला सांगणार?"

संध्याकाळी सगळे सेंट्रलवर आले. सुंदररावांनी मुलींना संत्री घेऊन दिली, यांच्यासाठी खिडकीजवळची जागा धरली. कुसुम माझ्याशी फारसं बोलली नाही. शिट्टी झाली तेव्हा खिडकीच्या गजावर हात ठेवून म्हणाली, "अप्पांना काही सांगू नकोस. मी लिहीन."

गाडीत मला झोप लागली नाही. माझा संशय खरा ठरला होता आणि त्याचा मला काडीचा आनंद नव्हता. तीन दिवस मी त्या माणसाची कॉलर पाहिली, पावलं पाहिली, कुणाकुणाशी ओळख आहे ते पाहिलं. तो थकला होता, तेवढं माझ्या नजरेतून सुटलं. आणि त्या थकलेल्या माणसानं आपल्या चार महिन्यांतल्या सगळ्यांत चांगल्या जागा निवडून आम्हाला दाखवल्या होत्या. जिथून नकार घेऊन परतला, ते एकही दार त्यानं दाखवलं नाही.

सोलापूरला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी अप्पा आले. "कसे आहेत सुंदरराव?" त्यांनी विचारलं.

"चांगले आहेत," मी म्हटलं. नऊ वर्षांत त्यांच्याबद्दल मी हे पहिल्यांदाच म्हणत होते. अप्पांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

कुसुमचं पत्र श्रावणात आलं. तिनं अप्पांना सगळं लिहिलं होतं, काही न लपवता. ती आता गल्लीतल्या बायकांना दुपारी हिंदी शिकवते. सुंदरराव एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले आहेत, हेडक्लार्कीपेक्षा पुष्कळ खालची जागा. शेवटी लिहिलं होतं, "रोज संध्याकाळी घरी येऊन मालकाच्या नावानं खडे फोडतात. मी वाढता वाढता सगळं ऐकून घेते. ऐकायला फार बरं वाटतं."

अप्पांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मालक इतका वाईट आहे का गं?"

"असेल," मी म्हटलं, आणि पत्र त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.