बिघाड कॅसेटीत की वऱ्हाडात?

लग्नाच्या व्हिडिओच्या धंद्यात शिल्लक काही राहत नाही. कॅसेटींना बुरशी लागते, कॉम्प्युटर भंगारात जातो, आणि ज्या जोडप्याला आपण गुलाबाच्या पाकळ्यांतून एंट्री करून दिली ते पुढं बाजारात ओळखही देत नाही. किस्से मात्र साठत जातात. सांगायला बसलं की एकाला दुसरा चिकटूनच येतो!

हिंगोलीत माझं आणि दिगंबरचं दुकान होतं. दिगंबर लग्नात कॅमेरा धरायचा, मी दुकानात बसून मिक्सिंग करायचो. म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरात उतरवायची, कापाकापी करायची, गाणी घालायची आणि शेवटी सीडी काढायची. तक्रारी दोघांनी मिळून ऐकायच्या असं ठरलं होतं. पण तक्रारवाला पायरी चढताना दिसला, की दिगंबरला नेमकं कुठलं तरी शूटिंग आठवायचं!

* * *

एकदा कॉम्प्युटरच्या सेटिंगमधली, चित्राच्या ओळींचा क्रम ठरवणारी एक खूण माझ्याकडून उलटी पडली आणि सीडीत जो कोणी हलेल तो थरथरायला लागला. बसलेली माणसं ठीक होती. पण नवरदेवाचे वडील, आबा, लग्नभर फिरत होते. आचाऱ्यावर ओरड, मांडववाल्यावर ओरड. त्यामुळं सगळी थरथर त्यांच्याच वाट्याला आली.

आबा दुकानात आले ते तापूनच. "उभ्या जन्मात कोणाला भ्यालो न्हाई मी! अन् हितं व्याह्यापुढं लटलट कापून राहिलो. काहून?"

मी माफी मागितली, खूण सुलटी केली, पुन्हा सीडी काढली. ती न्यायला त्यांच्या मंडळी आल्या. नवी सीडी पिशवीत टाकली, पण जुनी काही परत देईनात.

"ती राहू द्या भाऊ माझ्याजवळ," त्या हळूच म्हणाल्या. "तेवढंच एकदा भ्यालेले दिसून राहिले!"

* * *

नरसीच्या एका घरातून निरोप आला, "आमचं सगळं वऱ्हाड लाल झालं."

मी लाल रंग कमी करून सीडी पाठवली. पुन्हा तोच निरोप. अजून कमी केला. दुकानातल्या टीव्हीवर आता नवरी पार हिरवी दिसत होती, आणि तिकडून निरोप, "लालच हाय!"

शेवटी दिगंबरच्या लुनावर बसून आम्ही दोघं नरसीला गेलो. घरातले आजोबा टीव्हीसमोर बातम्या पाहत बसलेले. बातम्या देणारी बाई टमाट्यासारखी लाल!

"आजोबा, ही बाईपण लालच आहे की!"

"व्हय. ती रोजच लाल असती," आजोबा शांतपणे म्हणाले.

दिगंबरनं टीव्हीचं बटण फिरवून रंग जागेवर आणला. बाई माणसात आली. आजोबांनी डोळे बारीक केले, जवळ जाऊन पाहिलं, आणि काळजीनं म्हणाले, "बिचारीला काय झालं? आजारी दिसून राहिली!"

आणि बटण पुन्हा होतं तिथं नेऊन ठेवलं.

* * *

जोशीकाकांचं मात्र खरंच नुकसान झालं. आसपासच्या गावांत लग्नं लावायला तेच जायचे. आमच्या एका कॅसेटीत चित्राचे बारीक बारीक तुकडे उतरायचे राहिले. आवाज पूर्ण, चित्र तुटक. परिणाम असा की चित्र पुढं पळालं आणि आवाज मागं राहिला. मंगलाष्टकं अर्ध्यात असतानाच नवरीनं हार घालून टाकला! ती सीडी गावात घरोघर फिरली. लोक म्हणायला लागले, जोशीकाकांनी मुहूर्त चुकवला.

काका दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "पुढचं एक लग्न हातचं गेलं रे माझं. ते म्हणतात, महाराज मागं राहतात."

दिगंबरसुद्धा त्या दिवशी पळाला नाही. आम्ही दोघांनी बसून आवाज तुकड्या-तुकड्यानं सरकवला. 'सावधान' आणि हार बरोबर एका क्षणी आले. काकांनी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा पाहिला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "हेच त्या कळमनुरीच्या लग्नाचंही करता येईल का? तिथं मी खरंच मागं राहिलो होतो!"

* * *

सगळं कापून-जोडून झालं की कॉम्प्युटर त्याची एकसंध फिल्म करतो. त्याला रेंडरिंग म्हणतात. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते. ती भरत आली की हिंगोलीची लाइट जायची. की पुन्हा पहिल्यापासून!

जवळा बाजारचे एक मामा भाच्याच्या सीडीसाठी हेलपाटे घालून दमले. शेवटी ते लाइनमनलाच सोबत घेऊन आले. त्याला खुर्ची दिली, भजी मागवली आणि मला म्हणाले, "लाव आता तुझी मशीन. हाच हितं बसला, तर लाइट कोण घालवीन?"

पट्टी भरत आली. मामा श्वास रोखून पाहत होते. लाइट गेली!

मामांनी लाइनमनकडं पाहिलं. लाइनमन भजं संपवून म्हणाला, "मी हितं बसल्यावर फ्यूज कोण टाकीन, मामा?"

* * *

आणि गयाबाई. औंढ्याकडच्या एका खेड्यातल्या. मोतीबिंदूनं त्यांची नजर कित्येक वर्षं धूसर झालेली. शेवटी हिंगोलीत ऑपरेशन झालं आणि त्या लेकीकडं राहिल्या. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर लेकीनं त्यांना नातवाच्या लग्नाची सीडी लावून दिली. त्या लग्नाला त्या हजर होत्या, पण दिसलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून त्या जावयासोबत दुकानात हजर!

"सगळ्यांची तोंडं बराबर हायेत," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकाच्याच तोंडावर रेघा आल्यात. तेवढ्या काढून द्या."

कॉम्प्युटरच्या चित्रात अशा आडव्या रेघा येतात कधीकधी. मी तो भाग पडद्यावर लावला. पंगतीत त्यांचे मालक, किसनबाबा, वाढत होते. मी चित्र मऊ केलं, उजेड वाढवला. गयाबाई पडद्याला नाक लावून बसलेल्या. "हायेतच की! कपाळावर बी हायेत." मी चेहरा मोठा करून पाहिला, दिगंबरकडं पाहिलं. दिगंबर भिंतीकडं पाहायला लागला.

"आजी," मी विचारलं, "ऑपरेशन झाल्यापासून बाबांची भेट झाली का?"

"कशी होईन? ढोरं सोडून येता येती का त्यांना? आज येऊन राहिले न्यायला."

तेवढ्यात जावई उठले. किसनबाबा दुकान शोधत आले होते आणि पायरीवर वाकून चप्पल काढत होते.

गयाबाई उठून दारात गेल्या. काळा चष्मा काढला. बाबांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला, आणि गालावरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.

बाबा लाजून मागं सरले. "आगं, काय करून राहिली? लोकं पाहून राहिले. सीडी खराब निघाली का?"

"न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "बराबर हाय."