चहाच्या खोक्यातलं बिऱ्हाड

नलिनी कारखानीस रागावल्या की भांडी आपटत नसत. त्या भांडी घासायला घेत. घासलेलीच पुन्हा घासत. मुलुंडच्या त्या सोसायटीत तळमजल्यावरून राखेचा खरखर आवाज आला, की वरची मालन नवऱ्याला सांगे, "आज श्यामकांतरावांचं काही खरं नाही."

श्रावणातल्या त्या दिवशी हा आवाज दुपारपासून सुरू होता.

नलिनीताई भावाकडे अलिबागला दोन दिवस राहून परतल्या होत्या. आल्या आल्या त्यांना पहिल्यांदा दिसला नवऱ्याचा कान. तो पुरीसारखा फुगला होता. दुसरं दिसलं देवघरातलं धुपाटणं. ते मागच्या अंगणात चिखलात पडलेलं. तिसरा दिसला श्रीखंडाचा चक्का टांगायचा पंचा, मेणानं चिकट झालेला. आणि चौथी, ओट्याखाली, लोणच्याची मोठी बरणी. तिच्यात काहीतरी पिवळं बुडबुडत होतं.

"हे काय आहे?"

"मीड," श्यामकांत म्हणाले. भांडुपच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेत होते, त्यामुळे घरात काहीही बुडबुडलं तरी त्यांना अभिमान वाटे. "मधाची वाइन. मासिकात वाचलं. पर्यावरणाला याच्याइतकं निर्धोक पेय नाही बघ. उसाला पाणी पाजायला नको, धान्य सडवायला नको, मळीचं घाण पाणी खाडीत सोडायला नको. माशा आपल्या आपण काम करतात. आपण नुसतं काढून घ्यायचं."

"हातभट्टी म्हणतात याला."

"अगं, विज्ञान आहे!"

"मध कुठून आणलात?" हे विचारलं खरं, पण उत्तर त्या फुगलेल्या कानावर लिहिलेलं होतंच.

मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीशेजारी चहाचं एक रिकामं खोकं आडवं पडलेलं असे. दोन वर्षांपूर्वी त्यात सातेरी मधमाशांनी बिऱ्हाड केलं. ना पागडी, ना ओळखपाळख. नलिनीताईंनी त्यांना हुसकलं नाही, कारण त्याच वर्षी त्यांच्या भोपळ्याच्या वेलाला भोपळे धरले. त्याआधी वेल नुसता फुलायचा आणि गळायचा. आता अख्खी सोसायटी त्यांच्या घरचा भोपळा खाऊन कंटाळली होती, आणि हा कंटाळा नलिनीताईंना फार प्रिय होता.

त्यांनी खोक्याला कान लावला. एरवी आतून घरघर यायची, दूरच्या गिरणीसारखी. आज जेमतेम कुजबुज होती. दाराशी मेलेल्या माशांचा सडा. पुढची पोळी मुळापासून कापलेली. मागची दोन तेवढी शाबूत, त्या कानाच्या कृपेनं.

"भर पावसात घेतलात?" नलिनीताईंचा आवाज चढला. "बाहेर पावसानं फुलं झडलीत. वेलाच्या चार फुलांवर का घर चालतं? पावसाळ्यासाठी भरून ठेवलं होतं हो त्यांनी! आपण मे महिन्यात तांदूळ भरतो ना, तसं. कुणी येऊन डबे उपडे केले असते तर?"

"पुन्हा करतील की. त्यांचं कामच ते."

"कशाचं करतील? तुमच्या मासिकाचं? ऊस वाचवलात, धान्य वाचवलंत, खाडी वाचवलीत. आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं, त्यांना उपाशी मारलंत. मुंबईत भाडेकरू मेला तरी जागा सोडत नाही. आता हे सोडतील, अशी वेळ आणलीत!"

श्यामकांत कान चोळत बसले. कपाटावर मधाची अजून एक बाटली होती, पाणी न घातलेली. पहिलं मीड आपल्या भावांना पाजून झालं की दुसरं लावायचा त्यांचा बेत होता. ते त्या बाटलीकडे मुळीच बघत नव्हते, म्हणूनच ती नलिनीताईंना दिसली.

संध्याकाळी त्यांनी तो मध पाण्यात कालवला, ताटलीत ओतला, माशा बुडू नयेत म्हणून वर नारळाच्या काथ्याचे पुंजके पसरले आणि ताटली खोक्यात सरकवली.

"अगं, ती दुसरी बॅच होती!"

"त्यांचीच होती."

पुढे बाटली संपेस्तोवर रोज संध्याकाळी हेच. श्यामकांत दारातून बघत आणि उसासे टाकत. मीड तयार झाल्यावर नलिनीताईंनी एक घोट चाखला. चव चांगली होती. त्यामुळे तर त्यांचा राग जास्तच भडकला. वाईट असती तर निदान हा माणूस पुन्हा करणार नाही असं तरी झालं असतं.

माशा टिकल्या. एका उघडिपीच्या सकाळी खोक्याच्या दाराशी पायांवर पिवळे परागाचे गोळे घेऊन चार-दोन उतरल्या. नलिनीताईंनी ते बघितलं, डोळ्यांना पदर लावला आणि लगेच आत जाऊन नवऱ्याला उठवलं.

"माशा कमी पडतात. चला."

श्यामकांतचे कारखान्यातले मित्र जयवंत त्याच सकाळी, मीडचा वास काढत, मागच्या दारानं आले. पाहतात तो लेंगा गुडघ्यापर्यंत खोचलेले श्यामकांत वेलात वाकलेले. हातात भोपळ्याचं नर फूल, आणि ते एकेका मादी फुलाला हलकेच टेकवतायत.

"काय रे हे? वाट लागली की तुझी!" जयवंत म्हणाले. "वहिनी, हे काय चाललंय?"

"पर्यावरण," नलिनीताई म्हणाल्या. "अहो, तिकडचं राहिलं. पानाखालचं. माशा कोपऱ्यातलं फूलसुद्धा सोडत नसत."

आणि त्या घासलेलं पातेलं घासायला आत गेल्या.