लाखेचा वास

पॅकिंग शेडमध्ये तिला सगळे मेणकाकू म्हणत. धुतलेली संत्री ब्रशांवरून गडगडत, वाळून पुढे आली की त्यांच्यावर खाण्याजोग्या मेणाचा पातळ फवारा मारायचा, हे तिचं काम. एकोणीस वर्षं ती तेच करत होती. धुताना फळाचं स्वतःचं मेण निघून जातं आणि मग ते लवकर सुकतं, म्हणून वरून दुसरं चढवायचं, एवढंच. घरी मात्र तिची नणंद बाजारातून आणलेलं प्रत्येक संत्रं साबणाने घासायची. "वहिनी, तुझं पाप धुतेय," म्हणायची. मेणकाकू साल सोलायची नि फोडी खायची.

त्या मंगळवारी नवं पिंप उघडलं आणि तिला वेगळाच वास आला. पिंपाच्या चिठ्ठीवर ताडाच्या पानांचं मेण असं लिहिलेलं, पण वास खुर्चीला पॉलिश मारताना येतो तसला. फळंही जरा जास्तच चकाकत होती. तिने दोन संत्री शीतगृहात ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर बाहेर काढली. त्यांना घाम फुटला, सालीवर पांढरट डाग उमटले. पूर्वी शेडमध्ये लाखेचा लेप वापरत तेव्हा अगदी असंच व्हायचं.

तिने लाल बटण दाबून फळं वाहणारा पट्टा बंद केला.

सुपरवायझर धावत आला. "काय बिघडलं, काकू?"

"पट्टा ठणठणीत आहे. मेण लाखेचं आहे."

"मग? लाखही खायला चालतेच की."

"चालते. पण लाख किड्यांपासून येते. काहींना ते खायचं नसतं. आणि खोक्यावर आपण 'वनस्पतिजन्य मेण' छापलंय."

"लोक साल फेकून देतात हो! खोकं कोण वाचतंय?"

"माझी नणंद वाचते."

"चारला ट्रक येतोय, काकू!"

"मग मेण ताडाचंच आहे असं लिहून खाली सही करा. मी लगेच पट्टा सुरू करते."

सुपरवायझरने पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं, आणि मॅनेजरला फोन केला.

मेण पुरवणाऱ्याने आधी 'ताडाचंच आहे' अशी शपथ घेतली, मग 'बघतो' म्हणाला, आणि तासाभराने कबूल केलं की गोदामात पिंपांची अदलाबदल झाली होती. लेप चढलेल्या फळांवरून मेण परत काढता येईना. मग सहाशे खोक्यांवर लाखेच्या लेपाची नवी चिठ्ठी चिकटवावी लागली. सगळ्यांनी मेणकाकूच्या नावाने बोटं मोडली. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या तिनेच चिकटवल्या. ट्रक सहाला गेला.

ती घरी आली. न विचारता पट्टा तिने आजवर कधी थांबवला नव्हता. नोकरी जाणार, असंच तिने धरलं होतं. नवऱ्याला सगळं सांगितलं.

त्याने विचारलं, "ते बटण तुझ्या हाताशीच असतं ना?"

"हो."

"म्हणजे तुझ्यासाठीच बसवलंय. जेवायला वाढ."

नोकरी गेली नाही. उलट, प्रत्येक पिंप मेणकाकूसमोरच उघडायचं, असा मॅनेजरने नियम केला. तिला टेबलखुर्चीही देऊ केली. बसून पाठ धरते, म्हणून तिने ती नाकारली. पगार तेवढाच राहिला. ती नसेल त्या दिवशी पिंप उघडत नाहीत, त्यामुळे हल्ली तिला रजा मिळत नाही.