डब्बा मॅडमचा न सापडलेला शब्द

आमच्या डब्बा मॅडम वर्गात आल्या की आधी हजेरी नाही, आधी डब्बा. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डब्बा, झाकणावरचं चित्र घासून घासून गेलेलं. दुसरीतलं एखादं पोर डोळे मिटून आत हात घालणार, हाताला लागेल ते चाचपणार, हुंगणार, कानाशी हलवणार आणि मगच त्याचं नाव सांगणार. वस्तू हातात नसेल तर नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. मला म्हणायच्या, "पाठ केलेला शब्द पाहुणा असते वं. दोन दिवस राहते अन् जाते."

मी तेव्हा शिक्षिका व्हायचं शिकत होते आणि हुडकेश्वरच्या त्या शाळेत चार महिने सरावाला होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझीच ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधली आणि हात डब्ब्यात घालायला लावला. मऊ, कोरडं, भुरभुरीत काहीतरी. मी म्हटलं पावडर, आणि पोरं हसून हसून लोळली. लकडगंजच्या आरा मशीनवरून आणलेला लाकडाचा भुसा होता तो. त्याचा वास अजून नाकात आहे माझ्या, खरंच.

फळ्यावर मधोमध रेघ असायची. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. भुट्टा डावीकडे, कणीस उजवीकडे. वर्गात नरखेडकडून आलेली पोरं होती, घरी हिंदी बोलणारी होती, सगळ्यांचे शब्द डावीकडे मानानं बसायचे. घरचा शब्द चूक आहे असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

आणि डब्ब्यात न मावणारे शब्द? स्वरा नावाच्या पोरीनं एकदा विचारलं, भीती कशी टाकायची आत? मॅडम म्हणाल्या, जिथं वाटते तिथं हात लाव. चाळीस हात पोटावर. राग कानात सापडला. हिंमत मात्र कोणाला सापडेना. कोणी छाती दाखवली, कोणी मूठ. मॅडम मान हलवत राहिल्या. "मलेही नाही सापडली अजून. कोणाले सापडली तर सांगा." फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात 'हिंमत' लिहिलं आणि पुढची जागा रिकामी सोडली. ती कित्येक दिवस तशीच.

हेडसरांना डब्बा अजिबात आवडायचा नाही. त्यांनी चाळीस चित्रकार्डं आणली होती आणि तपासणी आली होती. पोरांना कार्डं ओळखता आली नाहीत तर डब्बा कपाटात आणि तुम्ही चौथीला, असं त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. मॅडमना काहीच वाटलं नाही. पोरांना शब्द येतात, कोणतंही चित्र दाखवा, म्हणाल्या. आणि तपासणीच्या दोन दिवस आधी भाचीच्या लग्नाला नरखेडला गेल्या. वर्ग माझ्याकडे.

हेडसर दिवसातून तीनदा दारात. तयारी आहे ना? मग मी ते केलं. मॅडमना न सांगता कार्डं काढली आणि एकाच क्रमानं, टाळ्यांच्या तालावर, दोन दिवस पोरांकडून घोकून घेतली. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं न बघता चाळीसच्या चाळीस म्हणत होती. इतका आनंद झाला होता मला, काय सांगू.

तपासणीच्या दिवशी मॅडम लग्नाहून थेट वर्गात येऊन उभ्या राहिल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी कार्डं हातात घेतली आणि पत्त्यांसारखी पिसली. पहिलं कार्ड विहिरीचं. अख्ख्या वर्गानं टाळी वाजवून म्हटलं, नांगर. दुसरं कणसाचं. बैलगाडी. साहेब कार्डं बदलत होते आणि पोरं माझ्याच क्रमानं पुढं पुढं जात होती, थांबायलाच तयार नाहीत. स्वरानं तर स्वतः मामाच्या शेतातलं कणीस डब्ब्यात आणून टाकलं होतं. तीही कणसाकडे बघून बैलगाडी म्हणाली.

साहेबांनी शांतपणे विचारलं, हे कोणी पाठ करून घेतलं?

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा हात पोटावर होता. तो त्यांनी पाहिला.

"वर्ग माझा आहे, सर," त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. आणि मी खिडकीपाशी उभी, गप्प.

मधल्या सुट्टीत डब्बा हेडसरांच्या कपाटात गेला, वर कुलूप. सोमवारपासून मॅडम चौथीला. शाळा सुटल्यावर मी फाटकाजवळ त्यांची स्कूटी अडवली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. त्या हेल्मेटचा पट्टा लावत ऐकत होत्या. टाळी ऐकली तेव्हाच समजलं होतं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण मले काहून सांगून राहिली तू? डब्ब्याले कुलूप मी लावलं का?"

तिथून हेडसरांच्या खोलीपर्यंत एक व्हरांडा. माझ्या सरावाचा शेरा तेच लिहिणार होते, आणि जूनमध्ये तिथंच नोकरीला घेणार असंही बोलणं झालं होतं. चालता चालता दोनदा थांबले. तरी गेले आणि सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, जूनमध्ये इथं अर्ज करू नका. आणि खणातून कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मॅडम हेल्मेट घालून तशाच उभ्या होत्या. सर काय म्हणाले ते विचारलंच नाही.

"सापडली का वं? कुठं होती?"

मी खाली, त्या व्हरांड्यातून चालून आलेल्या पायांकडे पाहिलं. मी म्हटलं, "पायात."

सोमवारी मॅडम दुसरीलाच होत्या, डब्ब्यासकट. फळ्यावर, त्या रिकाम्या जागेत, त्यांनी तेच लिहिलं. डावीकडे, घरच्या बाजूला.

या एप्रिलमध्ये मॅडम रिटायर झाल्या. डब्बा मला दिला, आतल्या भुशासकट. आता मी दुसऱ्या शाळेत दुसरीलाच शिकवते. काल कोणाची तरी पाण्याची बाटली फुटली, कोणी फोडली ते कळेना. मागच्या बाकावर एक पोरगी पोटाला हात लावून बसली होती. मी काही विचारलं नाही. नुसती तिच्या पायांकडे बघत राहिले.