भिजत घातलेलं भात

आत्याबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी माहेरी, शिरगावला होते. धाकटा दीर आला, ओट्यावर बसला, पाणी मागितलं आणि ते न पिताच म्हणाला, "वयनी, चला." मी पिशवी उचलली. लोणावळ्यापर्यंत गाडीत आम्ही दोघं गप्प बसून आलो...

भुशीला सासरी नवरी म्हणून आले तेव्हाही माझं तोंड उघडत नसे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या शेजारणींना सांगायच्या, "सून न्हाई, मुकं मांजर आणलंय."

नवं भात घरात आलं की आम्ही पोहे करायचो. सालासकट भात गरम पाण्यात भिजत घालायचं, मऊ झालं की निथळून खापरात भाजायचं आणि गरम असतानाच उखळात कांडायचं. सगळं भिजण्यावर असतं. कमी भिजलं तर चुरा होतो, जास्त भिजलं तर आंबतं. ते दाणा दाताखाली धरूनच कळतं, आणि आत्याबाईंचे दात तर गेलेले. एका वर्षी चुलीपाशी बसूनच त्यांनी हात मागं करून एक दाणा माझ्या हातावर ठेवला. "चाव, आन सांग." मी चावून मान हलवली.

"माझं त्वांड चुलीकडं हाय. मान कुनाला दावती?"

"अजून न्हाई झालं," मी कसंबसं म्हणाले. दाण्याच्या आत कण लागत होता. कांडायला आलेल्या चुलत सासूबाई म्हणाल्या, काल आलेल्या पोरीचं काय ऐकायचं, झालंय भात, काढा. आत्याबाईंनी पातेल्यावरचं झाकण उचललं नाही. "तिनं सांगितलंय न्हवं? ऱ्हाऊ दे पान्यात."

त्या घरात माझ्या शब्दावर काही थांबलं, ते पहिल्यांदाच. मग दर वर्षी त्या विचारायच्या आणि मी सांगायचे. हळूहळू मी इतर गोष्टीही बोलू लागले... पण त्यांच्याशीच.

यंदा त्यांच्यामागं भात आलं. ह्यांनी पोह्यांचं नाव काढलं, म्हणून भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाणा चावला. दाताखाली अलगद चपटा झाला. चूल पेटली होती, खापर तापलं होतं. उठून भात निथळायचं, एवढंच राहिलं होतं. पण मी बसून राहिले. कोणी विचारावं म्हणून... खापर निवलं, ऊन परसात उतरलं.

पाण्याला आंबूस वास यायला लागला, तसं ते सगळं म्हशीपुढं ओतलं. ह्यांना म्हणाले, यंदा पोहे जमले नाहीत. ते बरं म्हणाले आणि शेताकडं गेले.