कुरुळीच्या गच्चीवरचा गुरुवार

गेल्या गुरुवारी सकाळी चिंचवडच्या एका चर्चमधून आम्ही तीन जण कुरुळीला निघालो. काम एकच होते : चर्चचा स्पीकर परत आणणे.

स्पीकर तरुण पाळकांनी (चर्चचे धर्मगुरू) नेला होता. रविवारी चर्चमध्ये तरुण कामगार दिसत नाहीत, म्हणून ते दर गुरुवारी कुरुळीत एका चाळीच्या गच्चीवर उपासना घेतात. चर्चच्या कमिटीला हे पटले नव्हते. कमिटीचे ज्येष्ठ साळवेकाका, कंपनीतून निवृत्त झालेले फिटर, स्पीकर बांधायला नायलॉनची दोरी घेऊनच माझ्या स्कूटरवर बसले. पाळक बाइकवर पुढे होते.

“गुरुवार दत्ताचा,” काका भोसरीपर्यंत सांगत होते. “आपला रविवार. तो बदलणारा हा कोण?”

मोशीला दोरीचे टोक चाकाजवळ लोंबताना दिसले. थांबलो, चहा झाला. पुढे दोरी काकांच्या कमरेला होती.

गुरुवारी इकडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते. रस्ता त्या मानाने मोकळा मिळाला. कुरुळीत चाळीच्या मालकीणबाईंनी जिना दाखवला. “वर जावा. पोरं बेसूर गात्यात, पण पीत न्हाईत. आमाला चालतंय.”

वर वाळत घातलेले युनिफॉर्म, पाण्याची टाकी आणि चटईवर बसलेली मुले. बहुतेक जालना, अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती घरांतली. गिटारला एक तार कमी होती. पाळकांनी प्रवचन आटोपशीर ठेवले. नाइट करून आलेला एक जण टाकीला टेकून झोपला. त्याला कोणी उठवले नाही.

नंतर जेवण. रांधायची पाळी बालाजीची. तो बीडचा, गिटार वाजवणाऱ्या योहानचा रूममेट, आणि त्याचा गुरुवारचा उपास. त्यामुळे सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी. दत्ताच्या उपासाची खिचडी काकांनी दोनदा घेतली.

मग ते मुद्द्यावर आले. “स्पीकर पाहिजे, तर रविवारी चर्चला या.”

“रविवारी फर्स्ट शिफ्ट ऱ्हाते, काका,” योहान म्हणाला. “तुमीच लावा सुपरवायझरला फोन.”

सगळे हसले. योहानने विचारले, “तुमी बी कंपनीतच होते ना? सुट्टी कधी ऱ्हायची तुमची?”

काकांनी खिचडीतली मिरची बाजूला काढली. “गुरुवारी.”

“मंग रविवारचं चर्च?”

“नाताळ. ईस्टर. रजा मिळाली तर.”

“अन् गुरुवारी?”

“झोपायचो.”

पाळकांनी वायर गुंडाळली आणि स्पीकर काकांसमोर आणून ठेवला.

काकांनी कमरेची दोरी सोडली. स्पीकर उचलून टाकीजवळ नेला आणि पाइपला घट्ट बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

“वाऱ्यानं पडला असता,” ते पाळकांना म्हणाले. “आणि त्या गिटारला तार आणा, राव.”

दुपारी आम्ही चिंचवडला परतलो. स्पीकर कुरुळीत आहे.