अक्काच्या आठ पुड्या

काळजी करण्यात आमच्या दाजींचा हात धरील असा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. उमरग्याला लग्न असलं, तर एसटी वाटेत बंद पडेल म्हणून हे आदल्या दिवशीच मांडवात हजर. मांडव घालणारेसुद्धा अजून आलेले नसतात. त्यात मागच्या थंडीत आमच्या अक्काच्या छातीत कफ भरला, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले, आणि दाजींच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच.

यंदा पावसाळा सरताच त्यांनी अक्काचं रक्त तपासून घेतलं. ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली, आठ आठवडे. त्यानं छातीलाही बळ येतं, असं दाजींनी कुठंसं ऐकलेलं. बास, त्यांना देवच भेटला! पुडीचा वार गुरुवार, पण बुधवारी सकाळीच बेंबळीहून मला फोन, "पाव्हणं, उद्या पुडी हाय, ध्यानात हाय न्हवं?" पुडी अक्काची, आणि ध्यानात मी ठेवायची! गावात दिसेल त्याला अडवून सांगायचे, "छातीला कवच हाय कवच!" दिवसभर रानात उन्हात करपणारा हा माणूस, मलाबी एक पुडी द्या म्हणून डॉक्टरांच्या मागं लागला. अक्कानं कपाळाला हात लावला. "अवो, तुमाला ऊन कमी पडाय लागलं का आता?"

आठवी पुडी संपली ती ऐन थंडीत. आणखी मागायला दाजी मला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आता पुरे, काका. जास्त झाली तर अपाय होईल. कमी होतं ते भरून निघालं. पण छातीचा आजार होणारच नाही, असं काही मी लिहून देऊ शकत नाही." दाजींचा चेहरा असा उतरला की मला भडभडून आलं. बाहेर येऊन म्हणाले, "मग आता म्या करू काय, पाव्हणं?" मी त्यांना चहा पाजला.

पुढच्या गुरुवारी मी बेंबळीला गेलो. अक्का अंगणात ज्वारी निवडत होती, दाजी तिच्याभोवती घिरट्या घालत होते. तेवढ्यात ती खोकली. दाजी जागीच थिजले.

"ठसका लागलाय निस्ता," ती हसून म्हणाली. "ज्वारीची धूळ हो."

दाजी हसले नाहीत. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पाव्हणं, ही थंडी अजून किती दिस ऱ्हाईल वो?"

"लई न्हाय दाजी, संपतच आली," मी म्हणालो.

संक्रांतसुद्धा अजून लांब होती.